सरकारी वकिलांची कचेरी बदलली, तर आमचं काय?

प्रश्न : बांधाच्या भांडणात भावाचा हात काठीने मोडला. चार्जशीट गेलंय, केस तालुक्याच्या कोर्टात आहे. सरकारी वकील म्हणतात, पोलिसांना विचारा. पोलीस म्हणतात, वकिलांना विचारा. नव्या कायद्याने सरकारी वकिलांचं कामकाज बदललंय म्हणे. आम्हाला त्याचा काही उपयोग?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : भाऊ, ही टोलवाटोलवी मी एकवीस वर्षं टेबलाच्या पलीकडून पाहिली. सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे खालच्या कोर्टातली सरकारी वकील होते मी, त्यामुळे थोडा दोष माझ्याही पदरात घाला.

आमचं खातं मुळात पोलिसांच्याच घरातलं. 1974 साली पोलीस प्रॉसिक्युटरांना, म्हणजे पोलीस खात्यातर्फे खटले चालवणाऱ्यांना, अधिसूचना काढून सहायक सरकारी अभियोक्ता केलं, पण लगाम पोलीस खात्याच्याच हातात राहिला. अखेर 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्र सरकारला स्वतंत्र अभियोग खातं, म्हणजे सरकारी वकिलांचं वेगळं खातं, काढायला लावलं.

खाती वेगळी झाली, सवयी नाही. पावणेअकराला पैरवी हवालदार, म्हणजे कोर्टातलं काम बघणारा पोलीस, फाइल टेबलावर टाकायचा, अकराला साक्षीदार पिंजऱ्यात! एका केसमध्ये हाड मोडल्याचा एक्स-रे चार्जशीटला जोडलेलाच नव्हता. डॉक्टरांची साक्ष चालू असताना मला ते कळलं. आरोपीच्या वकिलांना आधीच ठाऊक होतं.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या नव्या कायद्याचं, कलम 20 नेमकं इथे कामाला येतं. त्यात राज्याला जिल्हा अभियोग संचालनालय काढता येतं आणि कामाची वाटणीही ठरवून दिली आहे. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या केसेसवर संचालकांचं लक्ष, सात ते दहाच्या आतल्या उपसंचालकांकडे, सातच्या खालच्या सहायक संचालकांकडे. काठीने हाड मोडलं, तर भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षांचा नवा कायदा) कलम 117(2) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे तुमची केस उपसंचालकांच्या वाट्याची. पोलिसांचा अहवाल, म्हणजे चार्जशीट, तपासणं हे आता त्यांचं कायद्याने ठरलेलं काम आहे.

एक मात्र मला पटलेलं नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेखाली जिल्हा सरकारी वकील नेमताना सत्र न्यायाधीशांचा सल्ला घ्यायची अट आपल्या विधिमंडळाने 1981 मध्येच काढली आणि तिथे सरकारची मान्यता आणली. त्याच जुन्या संहितेत संचालक नेमायला हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींची सहमती लागायची, नव्या संहितेत तीही गेली. वर पुन्हा गृह विभागच, पोलिसांचाही तोच. घर बदललं, घरमालक नाही.

आता तुमचं काम. कोर्टाची परवानगी घेऊन सरकारी वकिलांच्या मदतीला आपला वकील द्या. खटला तेच चालवतील, पण वकील दिलात की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 230 प्रमाणे चार्जशीटच्या नकला तुम्हालाही फुकट मिळतात. नकला हातात आल्या की आधी एक्स-रे आहे का ते बघा. नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता उपसंचालकांना लेखी कळवा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.