आझाद मैदानात फ्लॅटवाल्यांचं काय काम?

तुम्ही विचारलंय, की आर्थिक विषमतेविरुद्धच्या मोर्चात खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसांनी जावं का, की ते ढोंग ठरतं. जावं. ढोंग होतं की नाही ते मोर्चाच्या दिवशी कळत नाही, पुढच्या महिन्यात कळतं. हाच प्रश्न माझा थोरला भाऊ मला चाळीस वर्षं विचारतोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही मुंबईतल्या डिलाईल रोडचे. वडील कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते आणि आई दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ चालवायची. साताऱ्याकडचे बावीस गडी जेवायला, पाळी सुटेल तशा पंगती. आईला अक्षरओळख नव्हती, म्हणून वही मी लिहायचे: कोण किती वेळा जेवला, कोणाचे खाडे किती. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगार थांबले, जेवणं थांबली नाहीत. आईने एकालाही पाटावरून उठवलं नाही. वहीत नुसती उधारी चढत गेली आणि मार्च उजाडेपर्यंत वाण्याने हात वर केले.

तेव्हा दादरच्या हिंदू कॉलनीतल्या एक बाई आल्या. शाळेत शिकवायच्या, यजमान मोठ्या कंपनीत, घरी टेलिफोन. 7 मार्च, रविवार. टॅक्सीतून तांदळाचं पोतं आणि तूरडाळ उतरवली. आई दारातच आडवी उभी. म्हणाली, फुकटचं नको. बाई म्हणाल्या, मग उसनं म्हणून लिहा. मी वहीच्या मागच्या पानावर त्यांचं खातं उघडलं.

पुढे बाई जवळजवळ दर महिन्याला एक फेरी मारायच्या. सामान टेकवून निघून जायच्या नाहीत, पदर खोचून बसायच्या. त्यांना पोळ्या यायच्या, पण आमच्या गड्यांना हवी ज्वारीची भाकरी. आईने शिकवलं. पहिल्या दिवशी तव्यावर टाकताना भाकरी मोडली आणि त्यांची बोटं भाजली. त्यांनी पाण्यात हात बुडवला आणि पिठाचा दुसरा गोळा घेतला. संप बरोबर की चूक, यावर त्यांनी तोंड उघडल्याचं मला आठवत नाही. गडी बोलायचे, त्या ऐकायच्या.

संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, विरत गेला. गडी गावी गेले, बरीचशी उधारी बुडाली. वडिलांना परत घेतलं नाही. दादा दहावी सोडून भिवंडीला यंत्रमागावर लागला. मी शिकले, बँकेत अधिकारी झाले. हा हिशेब दादाच्या मनात आहे आणि तो खोटा नाही.

बाईंचे पैसे आईने 1985 साली फेडले. मी सोबत होते. बाईंनी ‘राहू द्या हो’ म्हटलं नाही. चष्मा लावला, नोटा मोजून घेतल्या, माझ्या वहीत सही केली आणि मग चहा ठेवला. येताना दादर स्टेशनबाहेर आईने मला शहाळं घेऊन दिलं. तोवर तिने स्वतःहून असा खर्च केलेला मी पाहिला नव्हता.

दादाचं म्हणणं एकच: भरल्या पोटाच्या लोकांनी पुढारपण केलं आणि मेलो आपण, डॉक्टरांचं काय गेलं? डॉक्टर म्हणजे त्या संपाचे पुढारी दत्ता सामंत. घाटकोपरला दवाखाना होता, खाणकामगारांना तपासता तपासता ते युनियनमध्ये आले. दवाखाना चालवत बसले असते तर सुखात राहिले असते. 16 जानेवारी 1997 ला पवईत त्यांना गोळ्या घालून मारलं. काय गेलं विचारणाऱ्याने निदान ही तारीख लक्षात ठेवावी. गोदूताई परुळेकर पुण्याच्या सुखवस्तू घरातल्या, वकिली शिकलेल्या. 1945 ला किसान सभा या शेतकरी संघटनेतर्फे तलासरी-डहाणूकडे वारली आदिवासींमध्ये जाऊन वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिल्या. त्यांना वारल्यांनी ‘तुम्ही कशाला आलात’ म्हणून परत पाठवलं नाही.

त्याच किसान सभेचा लाल बावटा घेऊन मार्च 2018 मध्ये नाशिकहून शेतकरी आणि आदिवासी चालत मुंबईत आले. वनहक्काची जमीन नावावर करा, ही मोठी मागणी. दहावीची परीक्षा होती, पोरांचा खोळंबा नको म्हणून ते सायनहून मध्यरात्रीच आझाद मैदानाकडे निघाले. मी आता परळला टॉवरमध्ये राहते. आमच्या सोसायटीतले तीस-चाळीस जण पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर उतरले. एका म्हातारीच्या टाचेला भेगा पडून रक्त वाळलं होतं. वरच्या मजल्यावरच्या मुलीने खाली बसून तिचा पाय धुतला. त्या रात्री मला माझ्या शेजाऱ्यांचा अभिमान वाटला. मी भायखळ्यापर्यंत चालत गेले.

पुढच्या महिन्यात सोसायटीची सभा झाली. झाडू-पोछा करणाऱ्या नऊ बायका कंत्राटदाराकडून येतात. त्यांना किमान वेतन मिळत नव्हतं, पीएफ नव्हता, आठवड्याची सुट्टीही नव्हती. मी ठराव मांडला. घरटी महिन्याला 340 रुपये वाढणार होते. रस्त्यावर उतरलेल्यांपैकीच एक गृहस्थ उठून म्हणाले, हा कंत्राटदाराचा प्रश्न आहे, आपण कशाला पडायचं? शहाण्णव घरांच्या सोसायटीत अकरा हात वर झाले. पाय धुणाऱ्या मुलीचा हात वर होता. ठराव पडला.

आणि हे टॉवर कुठल्या जमिनीवर उभे आहेत? गिरणीच्या. 1991 च्या नियमाप्रमाणे अशा जमिनीचा एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश सरकारी घरं बांधणाऱ्या म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळणार होता. 2001 मध्ये तो बदलला, वाटणी फक्त मोकळ्या जागेची ठरली आणि लोकांच्या वाट्याला तुकडे आले. माझ्या बैठकीच्या खोलीची जागा त्या गिरणीच्या जमिनीतलीच आहे. म्हणून गिरणी कामगारांच्या घरांसाठी मैदानात धरणं असलं की मी रजा टाकून जाते. मागच्या रांगेत सतरंजीवर बसते. माइक हातात घेत नाही, मागण्या काय असाव्यात ते सांगत नाही.

एवढं करता येत असेल तर जा, नाहीतर घरी बसा. आणि जाण्याआधी घरातल्या कामवाल्या मावशींचा पगार मागच्या खेपेला कधी वाढवला ते आठवा, सणाला त्यांना रजा देता का ते बघा.

सगळ्यांनाच हे जमेल असं नाही. सरकारी नोकरीत अडचण येते, लहान मुलं असतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. सभेला हात वर न करणारे सगळे वाईट होते असंही नाही, काहींचे हप्ते खरंच अंगावर आलेले होते. दुसऱ्या वर्षी तोच ठराव मांडला तेव्हा साप्ताहिक सुट्टी मंजूर झाली, पीएफ तिसऱ्या वर्षी. दादाचाही एक मुद्दा मला मान्य आहे: संप कधी थांबवायचा हे ठरवताना, चूल कोणाची विझते आहे हे पुढाऱ्यांनी आधी बघायला हवं होतं. ते बघितलं गेलं नाही.

पण ‘तुझ्या त्या बाई दोनदा आल्या, लोकांना दाखवण्यापुरत्या’ हे त्याचं वाक्य मी कधीच मान्य करणार नाही. तो हे वाचतो, मला माहीत आहे. दादा, आईची वही माझ्याकडे आहे. भाऊबीजेला येशील तेव्हा काढून ठेवते. मागच्या पानावर मार्च 82 पासून ऑगस्ट 83 पर्यंत बाईंच्या सतरा नोंदी आहेत, माझ्याच अक्षरात. तू स्वतः मोज.