डिझाइन केलेल्या वस्तूला शोधनिबंधासारखे संशोधनाचे गुण मिळावेत का?

मिळावेत. यवतमाळ जिल्ह्यातील एका महाविद्यालयात कृषी अवजारे शिकवत असताना माझ्या पदोन्नतीच्या वेळी समितीच्या अध्यक्षांशी याच मुद्द्यावर वाद झाला होता आणि तो अद्याप माझ्या मनातून गेलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे. कपाशीच्या ओळींमधले तण काढण्यासाठी हाताने ढकलायचा सायकल डवरा मी तयार केला होता. ओल्या काळ्या जमिनीत डवऱ्याच्या पासेवर, म्हणजे तण कापणाऱ्या पात्यावर, मातीचा थर चढतो, मग ती तण न कापता त्यावरून घसरते आणि मजूर बायांना प्रत्येक तासाच्या, म्हणजे पिकाच्या ओळीच्या, टोकाला थांबून काडीने माती खरवडावी लागते. गावच्या लोहाराकडून पासेचा कोन बदलून घेत, प्रत्येक बदलानंतर चिकटलेल्या मातीचे वजन लिहून ठेवत तो डवरा घडला. अध्यक्षांनी विचारले, "याचा आयएसएसएन क्रमांक काय?" म्हणजे नियतकालिकाला मिळतो तो क्रमांक. त्याच बैठकीत पैसे भरून छापून आणलेले निबंध मात्र बिनबोभाट मंजूर झाले.

प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत अभियांत्रिकीतील शोधनिबंधाला ८, तर राष्ट्रीय पेटंटला ७ गुण आहेत. वस्तूसाठी वेगळी ओळ नाही. ब्रिटनमधील विद्यापीठांच्या २०२१ च्या संशोधन मूल्यमापनात मात्र डिझाइन हा संशोधनाचा स्वतंत्र प्रकार होता.

वस्तूची परीक्षा घेणार कशी, असेही अध्यक्ष म्हणाले होते. १९२९ मध्ये गांधीजींच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा ८ तासांत १६,००० फूट सूत, किंमत १५० रुपयांच्या आत आणि २० वर्षांचा टिकाऊपणा अशा अटी लिहून दिल्या होत्या. त्या अटींना एकही यंत्र उतरले नाही, म्हणून बक्षीस कोणालाच मिळाले नाही. इतकी कडक छाननी कोणत्या निबंधाची होते?

अर्थात, कार्यशाळेत जोडलेली प्रत्येक ट्रॉली संशोधन ठरत नाही. काय फसले आणि कोणती मापे घेतली, याची नोंद दुसऱ्या लोहाराला तेच अवजार घडवता येईल इतकी पुरी हवी. डिझाइन नोंदणीच्या प्रमाणपत्रावरही विसंबू नका, कारण २००० च्या कायद्यानुसार ती नोंदणी डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाची असते, पासेला माती का चिकटत नाही याची नव्हे. समितीपुढे आपली नोंदवही ठेवा, आणि तरीही कोणी "लेख कुठे आहे?" असे विचारलेच, तर त्यांना पावसाळ्यात कपाशीचे एक तास डवरून दाखवायला सांगा.