वाचकांचे प्रश्न : आरोग्य आणि आपण

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात आईला रात्री धाप लागली म्हणून आम्ही तिला कोल्हापुरातील एका सरकारी रुग्णालयात नेले. अपघात विभागात तिला ऑक्सिजन लावून एका बाजूला ठेवले आणि आमच्या मागून आलेल्या एका जखमी तरुणाकडे सगळे धावले. विचारायला गेलो तेव्हा सिस्टर ‘बाहेर थांबा’ म्हणून ओरडल्या, धाकट्या भावाचाही आवाज चढला आणि सुरक्षारक्षकाने आम्हाला बाहेर काढले. आई कशी आहे, हे पहाटेपर्यंत कोणीही सांगितले नाही. ती बरी होऊन घरी आली, उपचारांबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही. पण तो अपमान अजून सलतो. तक्रार करावी, की सोडून द्यावे?
— एक वाचक, राधानगरी तालुका

उत्तर : तक्रार जरूर करावी; मात्र ती कशाबद्दल करायची, याचा आधी नीट विचार व्हावा. रुग्णालयाचे नाव आपण कळवले आहे, ते येथे छापत नाही, कारण असे अनुभव सांगणारी पत्रे अनेक ठिकाणांहून येतात.

अपघात विभागात रुग्णांना तपासण्याचा क्रम ते आधी आले की मागून, यावर ठरत नाही. कोणाच्या जिवाला किती तातडीचा धोका आहे, यावर ठरतो. आपल्या आईंना ऑक्सिजन लावला होता, म्हणजे पहिली मदत मिळालेली होती आणि रक्तस्राव होत असलेल्या माणसाकडे धावणे बहुधा योग्यच होते. परंतु हे आपल्याला कोणी एका वाक्यात सांगितले नाही, आणि त्यानंतरची पूर्ण रात्र आपण दाराबाहेर काहीच न कळता काढलीत. माझ्या मते खरी चूक येथे आहे. आपला माणूस आत आहे आणि त्याचे काय चालले आहे ते समजत नाही, अशा वेळी शांत स्वभावाच्या माणसाचाही तोल जातो.

आता आतली बाजू पाहू. कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयांवर जिल्ह्यातील बारा तालुक्यांचा भार असतो, शिवाय तळकोकणातून आणि निपाणी-चिकोडीकडूनही रुग्ण येतात, त्यांपैकी काहींना कन्नडखेरीज दुसरी भाषा येत नाही. रात्रपाळीतील परिचारिकेला सलाईन, इंजेक्शने, नोंदी आणि नव्याने दाखल होणारे रुग्ण हे सारे एकाच वेळी पाहावे लागते, आणि तोच प्रश्न तिला एकाच रुग्णाचे चार नातेवाईक वेगवेगळे येऊन विचारतात. म्हणून ओरडणे क्षम्य ठरते, असे मी मुळीच म्हणणार नाही. पण तिच्या तुटक बोलण्यामागे तिरस्कारापेक्षा थकवा असण्याचा संभव पुष्कळ जास्त आहे.

‘ऐकून घ्यायला वेळ कुठे आहे?’ हे उत्तर नेहमी दिले जाते. स्वित्झर्लंडमधील बासल येथील विद्यापीठ रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात 335 रुग्णांचे निरीक्षण करून 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डॉक्टरांनी मध्ये न बोलता ऐकले तर रुग्ण सुरुवातीला सरासरी 92 सेकंद बोलतो आणि दहापैकी जवळजवळ आठ जणांचे बोलणे दोन मिनिटांत संपते, असे दिसले. आपल्याकडील गर्दी तेथे नसते, हे खरे. तरी दोन मिनिटांची भीती बाळगण्याचे कारण नाही, एवढे त्यातून कळते. 2019 पासून आपल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वर्तन, नीतिमूल्ये आणि संवाद यांचे शिक्षण आले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु नातेवाइकांची पहिली गाठ पडते ती केसपेपरच्या खिडकीशी, वॉर्डातील मामा-मावशींशी आणि सुरक्षारक्षकाशी. त्यांना हे कोण शिकवणार?

रुग्णालयातील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो हवाच, आपल्या भावालाही त्याची जाणीव अवश्य करून द्यावी. मात्र शिक्षेच्या धाकाने हात आवरले, तरी विश्वास परत येत नाही.

तेव्हा वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्यावा. त्यात उपचार चांगले झाले हे प्रथम लिहावे, मग घडलेला प्रसंग तारीख-वेळेसह, विशेषणे टाळून मांडावा, भावाचा आवाज चढला होता हेही लपवू नये. मागणी एकच ठेवावी : अपघात विभागात रात्री ठरावीक वेळी नातेवाइकांना प्रकृतीची माहिती मिळावी आणि ती कोण देणार, हे दारावर लिहिलेले असावे. अर्जाची पोचपावती घ्यावी. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. त्यांना भेटल्यास, त्या रात्रीच्या सिस्टरशी समोरासमोर बोलण्याची सोयही कदाचित होऊ शकेल. तशी भेट झाली तर भावाला सोबत न्यावे आणि आधी त्यांना बोलू द्यावे.

आईंना पुन्हा तपासणीला न्याल, तेव्हा घरातील एकाच व्यक्तीने डॉक्टरांशी बोलावे, प्रश्न आदल्या रात्री वहीत लिहून ठेवावेत आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्यावीत. राउंडची वेळ माहीत करून घेतली, तर निम्मे हेलपाटे वाचतील.