आधी आवार, मग बंगला

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मॉरिशसला ३७ माणसांची पहिली सहल घेऊन तू निघणार आहेस आणि ऊसमळ्याच्या मालकाच्या जुन्या बंगल्यासाठी कार्यक्रमात दोन तास राखलेले आहेत. सुटीवर आलेल्या लोकांना तिथे भारतातून करारावर नेलेल्या मजुरांच्या हालअपेष्टा सांगायच्या की बंगला दाखवून त्यांना खूश ठेवायचे, या विचाराने तुझी झोप उडाली आहे. माझे उत्तर तुला ठाऊक असणारच. आधी आवार, मग बंगला.

मापूच्या लाबुर्दोने बंगल्याला मी नावे ठेवत नाही. १८५९ साली पुरी झालेली ती वास्तू, तिचे खांबांचे व्हरांडे आणि जुनी फळबाग देखणीच आहे. पण दर्शनाचा आरंभ व्हरांड्यातून केलास की पुढचे सगळे मालकाच्या नजरेने दिसू लागते आणि उसाची शेते त्या चित्राची हिरवी किनार होऊन बसतात. म्हणून बसमधून उतरल्यावर, कोणी कॅमेरा काढण्यापूर्वी, उसामध्ये उभे असलेले काळ्या दगडांचे ढीग त्यांना दाखव. काही ढीग पुरुषभर उंचीचे आहेत. तो ज्वालामुखीचा दगड आहे, खरबरीत आणि छिद्राछिद्रांचा. चार दगड उचलले तरी तळहात सोलून निघतात. जमीन उसाजोगी व्हावी म्हणून माणसांनी ते वेचून तिथे रचले. त्या देशात दगड उलटला की खाली सोने सापडते, असे सांगून मजुरांना नेल्याची आख्यायिका तिथे अजून ऐकायला मिळते.

मग पगाराचा हिशेब सांग. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि वर शिधा. एक दिवस कामावर आले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या माणसालाही स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला की अटक. १८७१ मध्ये ९,४०१ मजुरांनी याविरुद्ध अर्ज केला, त्याच्यामागे आदोल्फ द प्लेव्हित्झ हा एका मळ्याचा व्यवस्थापकच होता, आणि अखेर चौकशीसाठी शाही आयोग नेमावा लागला. हे सांगायला दहा मिनिटे पुरतात. लोक कंटाळत नाहीत. कंटाळतील या भीतीने आपणच घाईघाईने बोलतो, त्याने ते कंटाळतात.

‘आपला याच्याशी थेट संबंध नाही’ हे तुझे वाक्य वाचून मात्र मी पत्र बाजूला ठेवले आणि चहा करून आलो. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही ही माणसे गेली. कोकणातली जाखडी तिथे झाकरी म्हणून आजही नाचली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते. तरीही ‘आपली माणसे’ एवढ्यावरच थांबू नकोस. १८३५ मध्ये गुलामगिरी संपेपर्यंत त्या मळ्यांत मादागास्कर आणि मोझांबिकहून आणलेले गुलाम राबत होते. भरपाई मिळाली ती मालकांना, सुमारे २० लाख पौंड. राबणाऱ्यांना काहीच नाही.

मी हे इतके ताणून धरतो याचे कारण सांगतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा उत्तरेकडच्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात व्हॅनिलाचा चहा पीत मी तासभर बसलो होतो. आमचे बोलणे ऐकून एक म्हातारा माळी पायऱ्यांपाशी आला, हातातली कात्री काखेत धरून त्याने टोपी काढली आणि जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाला, “चला, आमच्या आज्याचा कॅम्प दावतो. हितंच हाय.” बस सुटायला वीस मिनिटे होती. मी घड्याळ दाखवले. सहा वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा तो नव्हता, आणि मजुरांची वस्ती नेमकी कुठे होती हे तिथल्या कोणालाच सांगता येईना. त्याने हात केला होता त्या दिशेला ऊस उभा होता.

त्यानंतर माझ्या प्रत्येक गटाला मी आधी आवार चालायला लावले. एकदा भर पावसात चालवले, एका बाईंची चप्पल तुटली, तक्रार झाली, आणि ज्या सहल कंपनीसाठी मी काम करत असे तिने मला पुन्हा बोलावले नाही. छत्र्या घ्यायला सांगायला हवे होते, एवढे कबूल करतो. बाकी माझे चुकले असे मला आजही वाटत नाही. त्या बाईंनीच पुढे फोन करून त्या दगडांविषयी विचारले होते. तू म्हणशील, सर हट्टी आहेत. असेनही. आधी आवार, मग बंगला.

पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, म्हणजे मजूर जहाजातून उतरत ती जागा, आदल्या दिवशी उरकून घे, म्हणजे त्या १६ पायऱ्या चढून आलेली माणसे पुढे कुठे गेली हे दुसऱ्या दिवशी उसात उभे राहून सांगता येईल. बो प्लाँचा साखर कारखाना १९९९ मध्ये बंद पडला, आता तिथे संग्रहालय आहे आणि शेवटी तऱ्हेतऱ्हेची साखर चाखायला देतात. तो थांबा बंगल्याच्याही नंतर ठेव. शेतात शिरण्याची परवानगी आधी मागून घे. कापणी जूनच्या सुमाराला सुरू होते, त्यापूर्वी जाणार असशील तर ऊस डोक्यावर असेल आणि ढीग रस्त्यावरून दिसणार नाहीत, तेव्हा जाण्याची तारीख मला लगेच कळव.

तुझा,
सर