माहिती इकडून तिकडे करण्यात करिअर आहे का?

प्रश्न: मी बार्शीची. बी.कॉम. होऊन दीड वर्ष झालं, एका पतसंस्थेत काम करते. संस्थेने सॉफ्टवेअर बदललं तेव्हा जुन्यातली खाती एक्सेलमध्ये काढून नव्या डेटाबेसमध्ये चढवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या खेपेला सोबतच्या बँक खात्यांच्या क्रमांकांतले शेवटचे अंक शून्य झाले, ते मी रात्री बसून शोधलं. मला हे आवडतं. बाबा म्हणतात, ही हमाली आहे, बँकेच्या परीक्षा दे. काय करू?

उत्तर: ‘रात्री बसून शोधलं’ हे तू जाता जाता लिहिलंस, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. एक्सेल संख्येचे 15 अंकच नेमके धरतं. 16 अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून शिरला की शेवटचा अंक शून्य होतो, आणि फाइल सेव्ह केली की मूळ अंक त्या फाइलमधून कायमचा जातो. मग मूळ फाइलकडे परत जाऊन तो रकाना मजकूर म्हणून आणावा लागतो. कुठलाही इशारा न येता झालेली चूक तुला दिसली. या कामात पगार मिळतो तो या नजरेचा.

तारखांचं तर याहून फसवं. संगणकातली तारखेची मांडणी अमेरिकी, म्हणजे आधी महिना मग दिवस अशी असेल तर 05/04 ही 5 एप्रिलची मुदत ठेव गुपचूप 4 मेची होते. 13/04 मात्र तारीख म्हणून ओळखलीच जात नाही, तशीच मजकूर राहते. अर्धा रकाना बरोबर दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल. पत्त्यातल्या स्वल्पविरामाने तिचे रकाने सरकतात. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेली नावं. ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात आणली नाहीत, तर नव्या डेटाबेसमध्ये अगम्य इंग्रजी अक्षरं उतरतात. ‘पाटील’ आहे की ‘पाटोळे’, हे ताडणारं मराठी माणूस तिथे लागतंच.

बाबांना इंग्लंडची गोष्ट सांग. 2020 मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने प्रयोगशाळांकडून आलेल्या सीएसव्ही फाइली जुन्या एक्सेल साच्यात ओतल्या. त्या साच्यात 65,536 ओळीच मावतात. पुढच्या ओळी गळाल्या आणि 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या काळातले 15,841 कोरोना रुग्ण वेळेवर मोजले गेले नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना कळवायलाही उशीर झाला. आलेल्या आणि चढलेल्या ओळींचा ताळा वेळच्या वेळी पाहिला असता, तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

ताळा हा शब्द तुला नवा नाही. वाणिज्य शाखेची म्हणून तुला कमीपणा वाटतोय असं पत्रावरून जाणवलं. मला तर तेच तुझं भांडवल वाटतं. एकूण खाती, एकूण ठेवी, एकूण येणं कर्ज दोन्हीकडे जुळलं का, हे विचारायचं वळण तुला लागलेलं आहे.

तरी बाबांचं म्हणणं पूर्ण खोडू नकोस. हाताने कॉपी-पेस्ट करण्याचं काम टिकणार नाही, ते प्रोग्राम करतील. म्हणून तो प्रोग्राम लिहिणाऱ्यांत जा. आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा शीक, रोज तासभर दिलास तर तीन-चार महिन्यांत हात बसेल. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल ही डेटाबेसची सॉफ्टवेअर दोन्ही फुकट मिळतात. पहिल्यात ‘लोड डेटा’ आणि दुसऱ्यात ‘कॉपी’ या आज्ञेने फाइल थेट टेबलात जाते. त्यानंतर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि त्यातलं तक्ते हाताळायचं साधन पांडाज. जाहिरातींत ‘डेटा मायग्रेशन’, ‘ईटीएल’ (माहिती काढणं, बदलणं, चढवणं), ‘डेटा अ‍ॅनालिस्ट’ हे शब्द शोध. महागड्या क्लासची घाई करू नकोस. बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरायचा असेल तर जरूर भर, दोन्ही एकत्र चालतं. नोकरी मात्र इतक्यात सोडू नकोस. असा खरा, गुंतागुंतीचा डेटा क्लासमध्ये मिळत नाही.

एक कळकळीचं सांगणं. सरावासाठी सभासदांची यादी पेनड्राइव्हवर घरी नेऊ नकोस. ती लोकांची खासगी माहिती आहे. घरी जनगणनेचे खुले तक्ते वापर. बायोडेटात ‘डेटा एंट्री’ असं लिहू नकोस. किती खाती हलवली, कोणत्या चुका पकडल्या, ताळा कसा जुळवला, हे चार ओळींत लिही आणि मुलाखतीत त्या शून्यांबद्दल सांग.