मेघपेटीत रेघा का दिसत नाहीत?

प्रश्न: ड्राय आइसवर (गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडवर) मेघपेटी केली, म्हणजे मूलकणांच्या वाटा धुक्यात रेघांसारख्या दाखवणारी पेटी (क्लाउड चेंबर). धुकं आलं, पण मूलकणांच्या रेघा नाहीत. काय चुकलं? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर: बहुधा अल्कोहोल नडलं. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये पाणी असतं. ९९ टक्के आयसोप्रोपिलच घ्या. पेटीतला वरचा फेल्ट (जाड लोकरी कापड) त्यात चिंब भिजवा, काळा पत्रा उणे ७८ अंश सेल्सिअसच्या ड्राय आइसवर सपाट टेकवा, कडा घट्ट बंद करा. पावसाळ्यातली दमट हवा आत शिरली की सगळं बिघडतं. १५ मिनिटं थांबा, अंधारात टॉर्च आडवा धरा. हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच, जवळ ज्योत नको.

लांब, सरळ, केसासारखी रेघ उमटून विरली तर तो बहुधा म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद, १९३६ साली सापडलेला. सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, तरी वातावरणाच्या वरच्या थरातून तो तुमच्या पेटीपर्यंत पोचतो, कारण प्रचंड वेगामुळे त्याचा काळ मंदावतो. केवढी विलक्षण गोष्ट! जाड, आखूड रेघ मात्र अल्फाकणाची, म्हणजे हेलियमच्या अणुकेंद्राची.