माका एकदा इचारूचा होता

"मॅडम, आमच्या मुलाची मुळंच तुटत चाललीत. घरात दोन वाक्यं मराठीत सलग बोलत नाही. आबांची पेटी त्याला जुनाट वाटते. आणि त्याचं स्वतःचं ते ठोकाठोकीचं संगीत रात्री दोनपर्यंत चालतं. आम्ही कुठे कमी पडलो?"

कुटुंबांचं समुपदेशन करताना गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्यासमोर इतक्या वेळा आला आहे की पालक बोलायला लागले की पुढचं वाक्य मला ठाऊक असतं. त्यातल्याच एका घराची ही हकिगत. घरच्यांना विचारूनच लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, नावं घेतलेली नाहीत.

मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत. आई-वडील दोघं नोकरीला. आणि आजोबा, ज्यांना घरात सगळेच आबा म्हणतात. मूळ गाव कणकवलीकडचं. आबा भजनात पेटी वाजवायचे, अजूनही वाजवतात. पहाटे साडेपाचला डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत भाता अगदी हलका दाबून, शेजाऱ्यांची झोपमोड होणार नाही इतक्या आवाजात, एखादा अभंग.

घरातलं भांडण या पेटीवरूनच पेटलं होतं. नातवाने ते पहाटेचं वाजवणं अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवर टिपलं, लॅपटॉपवर घेतलं, तुकडे केले, खाली जाड ठोके घातले आणि मित्रांना पाठवलं. कोणीतरी ते आबांनाच ऐकवलं. त्या दिवसापासून आबांनी पेटी खोक्यात ठेवली आणि नातवाशी बोलणं सोडलं.

पहिल्या भेटीत माझी चूक झाली. हा पिढ्यांचा झगडा आहे असं मी धरून चालले. आबांना जुनं प्रिय, नातवाला नवं, आपण मध्ये पूल बांधू. मी मुलाला सुचवलं, पंधरा दिवस रोज दहा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून आबांजवळ बस. तो चार दिवस बसला, तोंड पाडून. आबांनी पेटी उघडलीच नाही. पाचव्या दिवशी दोघंही त्या दहा मिनिटांतून सुटले.

मग मी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. अशा घरांबरोबर काम करताना मी मोठ्या कागदावर तीन पिढ्या मांडते. कोण कुठे जन्मलं, कोणी गाव कधी सोडलं, कोणाचं कोणाशी जमतं. त्यात आणखी एक गोष्ट घालते. कोण कोणाशी कुठल्या भाषेत बोलतं, त्याची रंगीत रेघ. मालवणीला हिरवा, शाळेतल्या मराठीला निळा, इंग्रजीला लाल. पेन्सिली मुलाच्याच हातात दिल्या.

आबा १९६६ साली गिरणीत लागले. मुक्काम लालबागच्या चाळीत, गाववाल्यांच्या खोलीत. बायको-मुलं गावाला. खोलीत भजनी मंडळ होतं, आबांची स्वतःची पेटी होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. आबांसारख्यांचं काम मात्र कायमचं गेलं. संपाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी पेटी विकली. पुढे डोंबिवलीत रखवालदारी मिळाली, तेव्हा कुटुंबाला गावाहून आणलं. वडील तेव्हा अकरा वर्षांचे.

पेटी विकल्याचं नातवाला माहीत नव्हतं. तो कागदावरून मान वर करून आबांकडे बघत राहिला. मग रेघा काढायला लागला. आबा आणि आजी, हिरवी. आबा आणि गाव, हिरवी. आबा आणि बाबा, इथे त्याने हिरवी पेन्सिल उचलली. वडील म्हणाले, "नाही, निळी."

अकराव्या वर्षी नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात वर्गात "माका नको" असं तोंडातून गेलं आणि सगळा वर्ग हसला, शिकवणाऱ्यांसकट. वर्षभर त्यांना 'माका' म्हणूनच हाक मारायचे. त्या मुलाने ठरवलं, परत कधीच नाही. आबा मालवणीत बोलत राहिले, मुलगा शाळेच्या मराठीत उत्तर देत राहिला. चाळीस वर्षं. हे सांगताना ते आवाज न चढवता, खिडकीकडे बघून बोलत होते.

म्हणजे मुळं तुटली असतील, तर ती नातवाच्या लॅपटॉपने नव्हे. आणि वडिलांनीही ती मजेने तोडली नव्हती. अकरा वर्षांच्या पोराला जगायचं होतं. हे मला त्या खोलीत मोठ्याने म्हणावंसं वाटलं, आणि मी म्हणाले.

नंतर मी आबांना सरळ विचारलं, "तुम्हाला नेमकं काय लागलं? पेटीखाली ते ठोके घातले, ते?"

आबा म्हणाले, "ठोक्याचा काय? माका एकदा इचारूचा होता."

थोडं थांबून पुढे म्हणाले, "आणि सम चुकवल्यान."

हे दुसरं वाक्य मला कळायला वेळ लागला. मुलाला म्हटलं, ती फाइल आत्ता इथे लाव. तो आढेवेढे घेत होता, पण त्याने लावली. आबांचा उजवा हात गुडघ्यावर होता, बोटं मात्रा मोजायला लागली. भजनी ठेका आठ मात्रांचा, पहिलीवर सम, म्हणजे फेरी जिथून सुरू होते ती जोराची जागा, आणि पाचवीवर काल, म्हणजे खाली, हलकी जागा. मुलाने तुकडा कापला होता तो कालाच्या मात्रेपासून. त्याच्या जाड ठोक्याची पहिली थाप पडायची तिथे आबांची पाचवी मात्रा यायची. प्रत्येक फेरीला आबांचं बोट अडखळत होतं. जिन्यात एक पायरी कमी असावी तसं.

"हय. हय चुकलंस."

"कुठे?" मुलगा वाकला.

"हय नाय. माघारी. आणखी माघारी."

आबांनी चष्मा चढवला आणि पडद्यावरची ती काटेरी रेघ म्हणजे काय असं विचारलं. मुलाने सांगितलं, हा तुमचा आवाज, हे उंच टोक म्हणजे तुम्ही भाता जोरात दाबलात ते. आबांनी बोट ठेवलं. मुलाने काप तिथे सरकवला. ठोका आणि पेटी एकत्र समेवर आली. आबा "हां" म्हणाले. इतकंच. त्यांना ते संगीत तेव्हाही आवडलं नव्हतं, आजही आवडत नाही, आणि ते तसं स्पष्ट सांगतात.

पेटीबद्दल एक गोष्ट मी त्या दोघांना सांगितली, कारण मुलगा "पारंपरिक वाद्य" असा शब्द वापरत होता आणि आबा मान डोलावत होते. हार्मोनियम जन्मली पॅरिसमध्ये, १८४० च्या दशकात. पुढे कलकत्त्यात मांडी घालून वाजवता येईल अशी हातपेटी घडली. तिचे सूर ठरलेले, त्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, ती आपल्या गाण्याची नव्हे, या कारणाने आकाशवाणीने १९४० साली तिला दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत. आबांनी गिरणीतली पहिली पाच वर्षं चाळीत पेटी वाजवली, तेव्हा रेडिओवर ती चालत नव्हती. आबांना हे ठाऊक होतं. त्यांच्या बुवांनी सांगितलं होतं. "पण भजनाक कोण इचारता रेडिओक," ते म्हणाले. मुलगा हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

इथे मी मुलाला सवलत दिली नाही. दुसऱ्याचं वाजवणं चोरून टिपणं आणि वाटणं चुकीचंच होतं, मग ते घरच्या माणसाचं का असेना. त्याने आबांची माफी मागितली. आबांनी ती लगेच स्वीकारली नाही, आठवडा घेतला. मला ते योग्य वाटलं.

भाषेचं जे झालं ते मी घडवलेलं नाही, पण आता इतर पालकांना आवर्जून सांगते. आबा चूक दाखवायचे ती मालवणीत. "फुडे", "माघारी", "वाइच थांब", "समेर ये". चुका दुरुस्त करायच्या तर ते शब्द कळायलाच हवेत. दोन महिन्यांत मुलाच्या फाइलींची नावं 'फुडे १', 'माघारी ३' अशी झाली होती. त्याआधी आई त्याला रोज जेवताना मराठीत पाच वाक्यं बोलायला लावायची, चुकलं की हसायची. प्रेमानेच हसायची, पण पोराचं तोंड तिथेच मिटायचं. ती परीक्षा मी पहिल्यांदा बंद करायला लावली. ज्या माणसाकडे मुलाला हवी असलेली एखादी गोष्ट आहे, आणि ती त्या माणसाच्याच बोलीत मिळते, तिथे बोली आपोआप आत शिरते. तुमच्या घरात ती गोष्ट पेटी नसेल. माशाचं तिकलं असेल, गाडीचं इंजिन असेल, कॅरम असेल. ती शोधा. आणि मूल तोडकंमोडकं बोललं तर उत्तर द्या, दुरुस्ती नको.

वडिलांचं काम अजून चालू आहे. ते एकटे येतात, महिन्यातून एकदा. मालवणी त्यांना शब्दन् शब्द कळते, पण जिभेवर आणायची म्हटलं की घसा बंद होतो. मी घाई करत नाही.

चौघं एकत्र आले ती शेवटची भेट गणपतीला गावी जायच्या आदल्या आठवड्यात होती. भिंतीवर तोच कागद लावलेला होता. मुलगा आणि आबा, आपल्या दोघांमध्ये कुठल्या रंगाची रेघ काढायची यावर वाद घालत होते. वडील बराच वेळ कागदावरच्या १९८३ कडे बघत होते. मग कोणाकडेही न बघता म्हणाले, "आबा, ती पेटी कोणाक इकलंस तू?"

आबा गप्प झाले. मग सांगायला लागले.